हिशेबाबाहेरचा संसार

दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन होते. पेढीवरचा मनुष्य कोऱ्या वहीवर स्वस्तिक काढतो, हळदकुंकू वाहतो आणि जुन्या वहीतली बाकी मुकाट्याने नव्या वहीत ओढतो. हा व्यवहार पेढीपुरताच राहता तर काही बिघडले नसते. पण आपण तो मनातही चालवितो. कुणासाठी आपण किती खस्ता खाल्ल्या, कुणी त्याची जाणीव ठेवली आणि कुणी नाही, याची टिपणे आपल्याजवळ तयार असतात. चित्रगुप्ताची वही वर कुठेतरी आहे असे आपण म्हणतो खरे. पण तिची एक नक्कल प्रत्येकाच्या उशाखाली असतेच.

ख्रिस्ती धर्मातील एक सिद्धान्त नेमका या वहीवर घाव घालतो. मनुष्य आपल्या कर्मांच्या बळावर देवापुढे नीतिमान ठरत नाही. देवाच्या कृपेने, विश्वासाने, तो नीतिमान ठरविला जातो, हे त्याचे सार. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत हा विचार मांडला. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवासी संन्याशाने तो पुन्हा हाती घेतला. उपास, जागरणे, पापांची कबुली हे सारे करूनही त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कारण कितीही केले तरी ते पुरेसे झाले हे सांगणार कोण? १५१७ मध्ये त्याने क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली ९५ प्रमेये मांडली आणि थोड्याच वर्षांत पश्चिमेकडील चर्च दुभंगले. या सिद्धान्ताच्या मूळ मुद्द्यांवर आपले एकमत आहे, असे ल्यूथरपंथीयांच्या जागतिक संघाने आणि रोमन कॅथलिक चर्चने ऑग्जबर्ग येथे सह्या करून जाहीर केले, ते ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. म्हणजे भांडण मिटावयास जवळजवळ पाच शतके लागली!

कर्मफलाच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यावर पहिली शंका सुचते ती ही की, मग चांगले वागावयाचे तरी कशाला? शंका नवी नाही. खुद्द पौलाने ती स्वतःलाच विचारली आहे. याकोबाच्या पत्राने तर कृतीवाचून विश्वास निर्जीव, असे बजावले आहे. ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातील उत्तराचा मथितार्थ असा : ज्याला स्वतःच्या उद्धाराची चिंता उरली नाही, त्याचेच हात शेजाऱ्याच्या कामासाठी मोकळे होतात. झाडाला फळ येते ते झाड चांगले आहे म्हणून. फळे लटकवून कुणी झाड चांगले करीत नाही.

हा विचार आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते, आणि मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. यांपैकी भक्ताने कसे असावे, यावर दक्षिणेतील वैष्णव आचार्यांत मोठा वाद झाला. आपल्या संतांनीही आपल्या पुण्याईपेक्षा विठ्ठलाच्या कृपेवरच भार टाकला. तेव्हा प्रश्न कुणाचा सिद्धान्त थोर हा नाही. प्रश्न असा की, हिशेबाची वही खरोखर मिटली तर रोजचा संसार कसा दिसेल? त्याचे उत्तर ईश्वरविद्येच्या ग्रंथात सापडावयाचे नाही. ते स्वयंपाकघरातच शोधावे लागते. आणि मराठीत असे एक पुस्तक आहे की, ज्यात हे स्वयंपाकघर उघडे करून दाखविले आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात वरील सिद्धान्ताची चर्चा मुळीच नाही. लक्ष्मीबाईंना कीस काढण्याची हौस नव्हती. परंतु पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र रेखाटले आहे, ते पाहावे. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत घरातले एक माणूस फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेले धान्य तर राहोच, मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही! मीठ धुतल्यावर काय उरते, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. वाचक येथे हसतो. पण त्या हसण्याखाली एक भय आहे. कितीही धुतले तरी ते पुरेसे धुतले गेले, याची खात्री त्या माणसाला कधीच मिळत नाही. आणि त्याच्या या अखंड शुद्धीची किंमत मोजतात ती घरातली बायकामुले. मठातल्या ल्यूथरची तळमळ आणि जलालपूरच्या घरातले हे धुणे, यांचे नाते जवळचे आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या संसाराची दोन शकले झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. मग जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांच्या मनाशीच एकदा निकाल लागला, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये, त्यानंतर घेतला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. शास्त्री लोक आधी विश्वास आणि मग आचरण असा क्रम लावतात. इथे आधी पाण्याचा पेला आला आणि त्याच्या मागून धर्म आला. आयुष्य शास्त्राच्या क्रमाने चालत नाही, आणि लक्ष्मीबाईंनी ते शास्त्रासाठी दुरुस्तही केले नाही.

या पुस्तकाचे खरे वैशिष्ट्य मला याच प्रामाणिकपणात दिसते. आत्मचरित्र म्हणजे बहुधा आत्मसमर्थन असते. रूसोने आपल्या आत्मचरित्राच्या पहिल्याच पानावर, अखेरच्या न्यायाच्या दिवशी हे पुस्तक हाती घेऊन आपण न्यायाधीशापुढे उभे राहू, अशी प्रतिज्ञा केली आहे. म्हणजे ग्रंथ हीच कैफियत! आपल्याकडील आत्मचरित्रांतही वकिली काही कमी नसते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) सुंदर आहेत. पण त्यांत पती देव्हाऱ्यात आहेत. टिळक मात्र या पुस्तकात घरभर वावरतात. ते तापट आहेत, लहरी आहेत, न सांगता निघून जातात, हाती आलेला पैसा बायकोला न विचारता देऊन टाकतात. बाप्तिस्म्यानंतरही ते तसेच आहेत. एखाद्या प्रचारकाने लिहिले असते तर धर्मांतरानंतर टिळक शांत झाले, असे चित्र काढले असते. लक्ष्मीबाई तसे काढीत नाहीत. विश्वासी मनुष्य एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, असे ल्यूथर म्हणे. ते वाक्य घरात कसे नांदते, हे इथे दिसते.

आणि त्या स्वतःलाही सोडीत नाहीत. आपले अज्ञान, आपला हट्ट, आपली फजिती त्या अशा सांगतात की, जणू शेजारणीची गोष्ट आहे. हा विनोद त्यांच्यात उपजतच होता. तो त्यांना मिशनने दिला, असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु विनोदी स्वभावाची माणसेही स्वतःचा खटला चालविताना गंभीर होतात. लक्ष्मीबाई होत नाहीत, कारण त्यांच्या लेखी खटला संपलेला आहे. ज्याला स्वतःला निर्दोष ठरवावयाचे नाही, त्यालाच स्वतःवर इतके मोकळे हसता येते. माझ्या मते ‘स्मृतिचित्रां’मधील हास्य हे मराठीतले कृपेचे सर्वांत विश्वसनीय भाष्य आहे.

एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. हिशेब न ठेवणाऱ्या पुरुषाचा हिशेब बहुधा त्याच्या बायकोला ठेवावा लागतो. टिळकांच्या औदार्याचा भार रिकाम्या डब्यांवर पडे, आणि ते डबे लक्ष्मीबाईंच्या ताब्यात होते. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या कष्टांवर उभे राहिले, तर त्या स्वातंत्र्याला कृपा म्हणावे काय? पुस्तक या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. पण तो झाकूनही ठेवीत नाही. लक्ष्मीबाई रागावतात, भांडतात, तो राग लिहूनही ठेवतात. फक्त त्याचे व्याज लावीत नाहीत. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे. सर्व काही आठवत असूनही वसुली सोडून देणे, ही ती क्षमा. घराघरांतील जुन्या रागांना याहून चांगले औषध मला ठाऊक नाही.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ज्या बाईला लिहिणेवाचणे उशिरा आले, तिने ते हाती घेऊन त्याचा फार मोठा भाग रचला. १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा उरलेला शेवट मुलाने, देवदत्तांनी, केला. नवऱ्याने मागे ठेवलेले काम बायकोने उचलले, तिचे मुलाने. त्यात कुणाचे किती, हे अध्याय मोजून सांगता येईल. पण त्या तिघांना ते मोजावेसे वाटले असेल, असे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कुणालाही वाटणार नाही.