अर्जांतील वाङ्मय

वाङ्मयाचे जे जे प्रकार आमच्या टीकाकारांनीं आजवर मोजले, त्यांत अर्जाची गणना कोणीं केलेली नाहीं. बखर झाली, पत्रें झालीं, रोजनिशी आणि प्रवासवर्णन झालें. पण विद्यापीठाच्या दाराशीं उभें राहून 'मला आंत घ्या, आणि तें याकरितां घ्या' असें सांगणारें जें दोन पानांचें गद्य आज इतके तरुण लिहितात, त्याकडे टीकेची दृष्टि अद्याप वळलेली नाहीं. इंग्रजी वाङ्मयाच्या वरच्या अभ्यासासाठीं परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास असें एक निवेदन लिहावेंच लागतें. त्यास मी हेतुपत्र म्हणतों. गेल्या पावसाळ्यांत असें एक हेतुपत्र माझ्यापुढें आलें. त्याचीं दोन रूपें मीं वाचलीं, आणि त्या दोहोंतील अंतर मला चर्चेजोगें वाटलें.

लेखिका भंडारा जिल्ह्यांतील अड्याळची. (चंद्रपूर जिल्ह्यांतील अड्याळ टेकडी ती निराळी, हें अड्याळ पवनी तालुक्यांतलें, भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या वाटेवरचें, धानाच्या बांध्यांनीं वेढलेलें गांव.) घरीं शेती नाहीं, आईबाप दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी करणारे. मुलीनें इंग्रजी घेऊन बी. ए. केलें, नागपूर विद्यापीठाची एम. ए. झाली, आणि आतां पुढें जाण्याची तिला इच्छा आहे.

पहिल्या रूपांत व्याकरणाची चूक शोधूनहि सांपडली नसती. आरंभीं वाङ्मय हा समाजाचा आरसा असल्याचें सांगितलें होतें. मग लहानपणापासूनची वाचनाची आवड. मग शेक्सपिअर, वर्डस्वर्थ आणि एलियट हे तिघे एकाच वाक्यांत, शाळेंतल्या एकाच बांकावर बसविल्यासारखे. त्यानंतर वसाहतोत्तर, स्त्रीवादी आणि पर्यावरणवादी या तिन्ही समीक्षापद्धतींविषयीं सारखाच जिव्हाळा. आणि शेवटीं ज्या विद्यापीठाकडे अर्ज जावयाचा, त्याची कीर्ति. ती अशा शब्दांनीं गाइलेली कीं, नांव तेवढें बदललें असतें तर तीच स्तुति दुसऱ्या दहा विद्यापीठांस बिनतक्रार लागू पडली असती. अड्याळ हें नांव त्यांत एकदांच येत होतें, आणि तें पत्त्यांत.

असलें गद्य मुलीच्या आळसांतून निघालेलें नव्हतें. तिनें त्यावर महिनाभर श्रम केले होते. दोष असलाच तर तो तिला आजवर कोणीं काय विचारलें, याचा आहे. आमच्याकडे इंग्रजीच्या एम. ए.ला प्रवेश देतांना 'कां?' हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. राज्यांतील विद्यापीठें बहुधा बी. ए.चे गुण पाहतात. २०२२ पासून अनेक केंद्रीय विद्यापीठांचा प्रवेश एका सामाईक परीक्षेवर होतो, आणि तींत चार उत्तरांपैकीं एकावर खूण करावयाची असते. 'वेस्ट लँड' कोणत्या वर्षीं प्रसिद्ध झालें हें तेथें विचारतां येतें. तें तुला पहिल्या खेपेस कां वाचवेना, हें विचारतां येत नाहीं. पांच वर्षें इंग्रजी शिकल्यावर, समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचा कोरा कागद तिला प्रथमच विचारतो कीं, बाई, तुला यांत शोधावयाचें तरी काय आहे? ज्याला बोलावयास कधीं सांगितलेंच नाहीं, तो आयत्या वेळीं पाठ केलेलें म्हणून दाखवितो, त्यांत नवल नाहीं.

तिकडे या कागदाचें वजन अलीकडे वाढलें आहे. अमेरिकेंत इंग्रजीच्या उच्च प्रवेशासाठीं वाङ्मयाची एक स्वतंत्र चाचणी असे. ती २०२१ मध्यें बंद झाली. आतां भिस्त राहिली ती हेतुपत्रावर, शिफारसपत्रांवर आणि पंधरा-वीस पानांच्या एका निबंधावर. हा निबंध आमच्या विद्यार्थ्याची खरी अडचण आहे. पांच वर्षांत त्यानें उत्तरपत्रिकांतून शेंकडों पानें लिहिलेलीं असतात, पण कोणीं वाचून, शेरे मारून परत दिलेलें एकहि पान बहुधा त्याच्यापाशीं नसतें. शिफारसपत्रांची गोष्ट न काढलेली बरी. एके ठिकाणीं त्यांचा साचा तयार असून नांवापुरती जागा रिकामी ठेवलेली मीं पाहिली आहे. त्या साच्यांत मुलींनाहि पुल्लिंगी सर्वनाम लागलेलें होतें.

असो. मीं तिला विचारलें, "शेक्सपिअरचें कोणतें नाटक तूं दोनदां वाचलेंस?"

"ऑथेल्लो, सर."

"दुसऱ्यांदा कां?"

ती जरा थांबली. "माझे मामा प्रॉम्प्टर आहेत. लहानपणी त्यांच्याजवळ बसून नाटकं ऐकली. तो इयागो ऑथेल्लोच्या कानाशी बोलते ना, ते वाचताना मला मामाच दिसत होते."

"मग हें अर्जांत कोठें आहे?"

"हे का लिहाचं सर? हे तर आमच्या घरचं आहे."

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा परिचय पुण्यामुंबईच्या वाचकांस असेलच असें नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलुखांत दिवाळीनंतर गांवोगांवीं मंडई भरते, दंडार होते, आणि रात्रीं उभें राहिलेलें नाटक पहांटेपर्यंत चालतें. या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें वडसा. हंगामाच्या दिवसांत नटाला तालमीची फुरसत नसते. आज एका गांवीं एक नाटक, उद्यां दुसऱ्या गांवीं दुसरें. अशा वेळीं आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुरवितो, आणि नट तें एका श्वासाच्या अंतरानें रडून किंवा गर्जून म्हणतो. समोर जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकांस तें त्याच्याच हृदयांतून आल्यासारखें वाटतें.

आतां एलिझाबेथ राणीच्या काळच्या लंडनकडे पाहावें. तेथें नटाच्या हातीं संपूर्ण नाटक पडत नसे. त्याचीं स्वतःचीं भाषणें, आणि प्रत्येक भाषणापूर्वीं कानीं पडावयाचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढेंच कागदाच्या एका लांब पट्टीवर उतरून त्याला देत. ग्रीनच्या 'ऑर्लांडो फ्युरिओसो' नाटकांतील नायकाची, एडवर्ड ॲलन या नटाची अशी पट्टी डलिच कॉलेजांत जपलेली आहे. सायमन पाल्फ्री आणि टिफनी स्टर्न यांनीं २००७ मध्यें 'शेक्सपिअर इन पार्ट्स' या ग्रंथांत याच पद्धतीच्या अनुरोधानें शेक्सपिअरचीं भाषणें नव्यानें तपासलीं. उलट ए. सी. ब्रॅडली यांचा १९०४ चा ग्रंथ, ज्याच्या बोटाला धरून आमच्या कित्येक पिढ्या शेक्सपिअर शिकल्या, तो ऑथेल्लोकडे एक आदिअंतीं पुरा असा मनुष्य म्हणून पाहतो. ज्या नटास आपल्याशीं पुढें कोण बोलणार आणि केव्हां, हेंहि नीट ठाऊक नाहीं, त्याच्या ठायीं हा पुरा मनुष्य कोठून यावा? नट भूमिका धारण करतो, कीं ती त्याला वाक्यावाक्यानें दिली जाते? हा प्रश्न अड्याळच्या मुलीला कोणत्याहि पुस्तकावांचून, मामाच्या मांडीशीं बसून पडलेला होता. आणि तोच तिनें अर्जांतून वगळला होता!

तीन आठवड्यांनीं दुसरें रूप आलें. आरसा गेला होता, वर्डस्वर्थ व एलियट गेले होते. मामाच्या दबक्या आवाजापासून आरंभ, आणि मग 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकांतील तो दीर्घ प्रवेश. तेथें तिनें एक गोष्ट अशी दाखविली कीं, ती मलाहि इतक्या स्पष्टपणें पूर्वीं दिसली नव्हती. इयागो आरंभीं स्वतःचें कांहींच पुरवीत नाहीं. तो ऑथेल्लोचेच शब्द त्याच्याकडे परत फेंकतो, इतके कीं ऑथेल्लोला हा आपला प्रतिध्वनि काढतो आहे असें वाटून राग येतो. म्हणजे तेथें प्रॉम्प्टर नटाकडून शब्द उचलतो. प्रवेश पुढें सरकतो तशी दिशा पालटते, आणि अखेरीस इयागोच्या तोंडचीं पशूंचीं किळसवाणीं नांवें ऑथेल्लोच्या तोंडीं येऊं लागतात. अर्ध्या पानांतलें हें वाचन खरी टीका आहे. प्रवेश देणाऱ्यांस दुसरें काय पाहिजे असतें?

तरी हें रूप सर्वस्वीं साधलें असें मी म्हणणार नाहीं. मंडईचें वर्णन लांबलें आहे. पेट्रोमॅक्सचा उजेड, थंडी, घोंगड्या, चहाचीं दुकानें हें सारें परकीय वाचकाच्या अपूर्वाईसाठीं मांडल्यासारखें झालें आहे. गांव लपविण्यांत जशी एक खोटी लाज असते, तशी गांव विकावयास काढण्यांत एक खोटी ऐट असते, आणि आजकालच्या हेतुपत्रांना हा दुसरा रोग अधिक जडतो. अड्याळ येथें पुराव्यादाखल पाहिजे. प्रॉम्प्टर कोठें बसतो, वाक्य केव्हां सोडतो, नट चुकला तर काय करतो, हें जेथें तिनें सांगितलें तेथें वाक्य न वाक्य कामाचें आहे; घोंगड्यांचें काम काय, तें मला कळलें नाहीं.

प्रश्न निश्चित झाल्यावर विद्यापीठ निवडण्याचा विचारहि बदलला. आधीं तिच्यापाशीं जगांतील विद्यापीठांच्या क्रमवारीची एक यादी होती, आणि ती वरून खालीं उतरत होती. आतां 'हा प्रश्न कोणाच्या वर्गांत बसून विचारतां येईल?' असें पाहूं लागल्यावर यादी चारदोन नांवांवर आली. बर्मिंगहॅम विद्यापीठाची शेक्सपिअर संस्था खुद्द स्ट्रॅटफर्ड गांवीं १९५१ पासून आहे. आपल्याकडे जादवपूरचा इंग्रजी विभाग शेक्सपिअरच्या अभ्यासासाठीं मानला जातो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत नाट्य आणि प्रयोग यांचा अभ्यास इंग्रजी विभागांत होत नाहीं, कला व सौंदर्यशास्त्र यांच्या निराळ्या शाखेंत होतो. तेव्हां इंग्रजीची पदवी सोडावी कीं धरावी, असा नवाच पेंच पडला. पैशाचा पेंच तर पहिल्यापासूनचा. अमेरिकेंतील चांगल्या विभागांत पीएच. डी.च्या विद्यार्थ्यास बहुधा अध्यापनाच्या मोबदल्यांत शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळतें, इंग्लंडांतील एम. ए. एका वर्षाची, पण खर्च ज्याचा त्याचा.

शेतमजुराच्या मुलीला इंग्लंडचा रस्ता शिष्यवृत्तीवांचून बंदच समजावा. केंद्र सरकारची परदेशीं शिक्षणाची जी शिष्यवृत्ति आहे, तिच्या २०२२ च्या नियमांत १२५ जागा होत्या. त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठीं, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या दोन वर्गांना मिळून, साऱ्या देशांत, ४. त्याच वर्षीं या नियमांत आणखी एक कलम आलें. भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास अथवा भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय असतील, तर शिष्यवृत्ति मिळावयाची नाहीं. भारताविषयीं शिकावयाचें तर भारतांत साधनें भरपूर आहेत, असें याचें समर्थन होतें. तें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. पण तें या मुलीच्या प्रश्नाला लावून पाहावें. प्रॉम्प्टरचें नांव घेतलें कीं विषय भारतीय. पट्टीचें नांव घेतलें कीं इंग्रजी. तिच्या डोक्यांत मात्र हीं दोन नाहींत. मामाला बाहेर ठेवून शेक्सपिअरकडे जावयाचें, तर पुन्हां पहिल्याच रूपाकडे परतावें लागणार. आणि तें रूप नियमांत चोख बसतें.

'झाडीपट्टीचेंच करावयाचें तर इंग्लंड कशाला?' असें पुष्कळ सुशिक्षित लोकहि विचारतील. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं विचारलेंहि. त्यांना मी कुसुमावती देशपांडे यांची आठवण देतों. अमरावतीची ही मुलगी नागपूरची बी. ए. होऊन लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजांत इंग्रजीसाठीं गेली, १९२९ मध्यें तेथील पदवी घेऊन परतली, आणि पुढें नागपुरांत वर्षानुवर्षें इंग्रजी शिकविती झाली. पण तिच्या वाचनाचें माप पडलें तें 'पासंग'मध्यें आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाच्या आलोचनेंत. १९६१ मध्यें ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान तिला मिळालें. त्या स्थानावर बसलेली ती पहिली स्त्री. त्या टीकासंग्रहाला 'पासंग' हें नांव देतांना कुसुमावतींच्या मनांत काय असेल तें असो, ताजव्याची एक बाजू मुळांतच झुकती असली तर दुसरीकडे ठेवावयाचें लहानसें वजन तो पासंग. इंग्रजीचा अभ्यास मराठी वाचकाला असा उपयोगीं पडतो. आणि महेश एलकुंचवार नागपुरांत इंग्रजी शिकवीत असतांनाच त्यांचा 'वाडा चिरेबंदी' विदर्भाच्या मातींत उभा राहिला, हें तर आमच्या डोळ्यांदेखत घडलें.

अड्याळच्या मुलीनें अखेर तीन ठिकाणीं अर्ज पाठविले. एक परदेशीं, दोन देशांत. मंडईचें वर्णन निम्में झालें. घोंगड्या गेल्या. शेवटच्या परिच्छेदाविषयीं मात्र आमचा वाद मिटला नाहीं. त्यांत, शिकून परत येईन आणि माझ्या लोकांची सेवा करीन, असें पहिल्या रूपांतलेंच एक वाक्य जसेंच्या तसें राहिलें होतें. मीं त्यावर रेघ मारली. तिनें ती पुसली. कारण विचारतां म्हणाली कीं, सारें हेतुपत्र तिनें मामाला मराठींत सांगितलें होतें, आणि तेवढें वाक्य त्यांनीं तिच्याकडून दोनदां म्हणवून घेतलें.