आकृतिबंध आणि हात

झाडाची साल, भेगाळलेली काळी जमीन, वाळूवरच्या वळ्या, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, मडक्यांची उतरंड. (उतरंड हा शब्द आपण जातिव्यवस्थेसाठीही वापरतो, ते असो.) छायाचित्रकाराने चौकट आवळत आणली की या साऱ्यांचे एकच होऊन जाते: आकृतिबंध. वस्तू मागे पडते, पुनरावृत्ती उरते. अशा छायाचित्रांसमोर आपल्याकडचा रसिक ‘लय’ हा शब्द हमखास उच्चारतो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. ते कवितेपेक्षाही इथे सहज लागू पडतात. साहित्यातील ज्या सौंदर्यवादाशी आपले भांडण आहे तो इथे उघड्यावर सापडतो, म्हणून या छायाचित्रांची झडती घेणे मला आवश्यक वाटते.

या प्रकारातील दोन महत्त्वाची पुस्तके जर्मनीत एकाच वर्षी, १९२८ साली निघाली. पहिले कार्ल ब्लॉसफेल्टचे. लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केलेला आणि पुढे बर्लिनला कलाशाळेत शिकवणारा हा माणूस व्यवसायाने छायाचित्रकार नव्हताच. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून त्याने कळ्या, देठ, नेच्याचे गुंडाळलेले कोंब कित्येक पटींनी मोठे करून टिपले. तोही पाने खुडून, फांद्या छाटून मांडणी करीत असे. तरी माझी तक्रार नाही. झाडाचा आकार त्याच्या वाढीतून येतो. मोठा करून दाखवला तर ती वाढच अधिक कळते.

दुसरे आल्बर्ट रेंगर-पाट्शचे. त्याला पुस्तकाचे नाव नुसते ‘वस्तू’ असे हवे होते; प्रकाशकाने ‘जग सुंदर आहे’ असे ठेवले. शंभर छायाचित्रे; झाडे, प्राणी, यंत्रे, सारी एकाच थंड नजरेने पाहिलेली. त्याच दशकात त्याने आल्फेल्डच्या फागुस कारखान्यात एक छायाचित्र काढले. बूट बनवताना लागणाऱ्या लोखंडी इस्त्र्या, एकीमागे एक, चकचकीत. पहिल्या क्षणी मीही थबकलो. पण ज्यांच्या घरात रापी आणि आरी होती, त्यांनी हे छायाचित्र पुन्हा पाहावे. मूठ आहे, धरणारा कुठे आहे? तिकडचा जोडे शिवणारा गरीब असेल. आपल्याकडचा गरीब तर होताच, शिवाय अस्पृश्य ठरवला गेला. हत्यार सुंदर ठरते आणि ते धरणारा विटाळ ठरतो, ही फाळणी चौकटीतून कशी दिसणार?

१९३१ मध्ये वॉल्टर बेंजामिनने नेमके या ‘जग सुंदर आहे’वर बोट ठेवले. ब्लॉसफेल्टचे कौतुक करणारा हाच समीक्षक. त्याने ब्रेख्तचा मुद्दा पुढे केला: क्रुपच्या कारखान्याचे छायाचित्र त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. माणसामाणसांतले संबंध वस्तूच्या पृष्ठभागावर उमटत नाहीत. हे मला मान्य आहे, पण पुरते नाही. कारण गोवरीवर ते उमटतात.

प्रत्येक गोवरीवर पाच बोटे असतात, आणि नीट पाहिले तर दोन गोवऱ्या सारख्या नसतात. माझी आजी भिंतीवर गोवऱ्या थापायची. वरची रांग तिचा हात पोहोचेल तिथे थांबायची आणि तिथे ती वाकडी व्हायची, कारण टाचा उचलून थापावे लागे. त्यावरून बाईची उंची कळे, वयही कळे. गोवऱ्यांच्या भिंतीची जी छायाचित्रे मी पाहिली, त्यांत बहुधा ही रांगच कापलेली असते. गोवऱ्या चारी कडांबाहेर पसरत जातात, जणू त्यांना अंत नाही. श्रमाला मात्र अंत असतो. तो खांद्यात दुखतो.

आकृतिबंध टिपूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ती वाकडी रांग चौकटीत आली तर लय बिघडेल, समतोल ढळेल, एखादे पारितोषिकही हुकेल. मला ते बिघडलेले छायाचित्र पाहायचे आहे.