भांगेलाची भाषा : हिमालयातील भांगशेतीविषयक लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

उंच डोंगराळ प्रदेशातील भांगशेती हा विषय अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे. उत्तराखंड शासनाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या प्रायोगिक लागवडीस परवाना दिला. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीचा अभ्यास करण्यास मान्यता दिली. या निमित्ताने होणाऱ्या लेखनात ‘शाश्वत तंत्र’, ‘सुधारित अवजारे’, ‘पर्यावरणपूरक पीक’ हे शब्द वारंवार भेटतात. मात्र ज्या डोंगरी शेतकऱ्याने हे तंत्र शतकानुशतके सांभाळले, तो या लेखनात अभावानेच दिसतो. हा अभाव आजचा नाही. तो कोठून आला याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गॅझेटिअर, आयोगाचा अहवाल आणि कायद्याचे कलम यांचे वाचन समीक्षेच्या कक्षेत येते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. आमच्या मते येते. शब्दांची निवड, निवेदकाचा दृष्टिकोन, काय सांगायचे व काय गाळायचे याचा विवेक हे सारे तेथेही असते. फरक एवढाच की, कादंबरीतील निवेदकाच्या दृष्टिदोषामुळे कोणी तुरुंगात जात नाही.

एक शब्द, तीन झाडे :

मराठी वाचकापुढील पहिली अडचण संज्ञेची आहे. इंग्रजीतील ‘हेम्प’ या शब्दासाठी आपण सर्रास ‘ताग’ हा शब्द वापरतो. परंतु शालेय भूगोलात ताग म्हणजे बंगालमधील ‘ज्यूट’, तर शेतकऱ्याच्या बोलण्यात ताग म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरले जाणारे पीक. इंग्रज लेखकांनी तर आपल्या अंबाडीलाही ‘डेक्कन हेम्प’ असे नाव देऊन टाकले. या सर्वांपासून वाख निघतो, एवढेच त्यांच्यातील साम्य. याउलट ‘भांग’ म्हटले की आपल्याला शिवरात्र व होळीच आठवते. भांगेच्या झाडापासून वाख निघतो, दोर वळता येतो, कापड विणता येते ही जाणीव त्या शब्दात उरलेली नाही. ‘भांगेत तुळस’ या वाक्प्रचारात तर भांग हे केवळ हीनत्वाचे प्रतीक आहे.

वस्तुतः ही जाणीव आपल्या भूमीत कधीच नव्हती असे नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले असल्याचे राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ज्या झाडाला आपली भाषा केवळ नशेशी जोडते, ते वेरूळच्या कारागिराच्या लेखी बांधकामाचे साहित्य होते. भाषेत जे विसरले गेले ते भिंतीत शिल्लक राहिले.

गढवाल-कुमाऊँमध्ये मात्र शब्द शाबूत आहे. तेथे भांगेच्या वाखापासून विणलेल्या जाड्याभरड्या कापडाला ‘भांगेला’ म्हणतात. बियांची चटणी घराघरांत होते. तेथील भांगशेतीचे तंत्र थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

दोन कापण्या :

साधारणतः हजार ते दोन हजार मीटर उंचीवरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत, शक्यतो घराजवळच्या, गोठ्यातील खत सहज पोहोचेल अशा तुकड्यात भांग पेरली जाते. वाखासाठी पेरणी दाट ठेवतात; त्यामुळे झाडाला फांद्या कमी फुटतात आणि खोड सरळ व उंच वाढते. भांगेत नर व मादी झाडे वेगळी असतात. नर झाडाचे काम परागकण सोडले की संपते. ते आधी कापले जाते व त्याचा वाख अधिक मऊ असतो. मादी झाड बी धरेपर्यंत उभे ठेवून नंतर कापतात. बी झोडपून काढल्यावर उरलेली खोडे वाळवून, पाण्यात कुजवून, साल हाताने सोलून, लाकडी मोगरीने कुटून वाख मोकळा करतात. पुढे तकलीवर सूत. विळा, कुदळ, मोगरी, तकली आणि पाण्याचा डोह, एवढीच ही साधनसामग्री.

वरवर पाहता ही साधने अगदी सामान्य आहेत. खरे साधन आहे ते नर व मादी झाड वेळेवर ओळखणारा डोळा. याची तुलना मैदानी गांजाशेतीशी केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव परिसरात (आजच्या बांगलादेशात) गांजासाठी भांग लावली जाई. तेथे नर झाडे फुलण्यापूर्वीच उपटून टाकावी लागत, अन्यथा मादी फुलांत बी धरे व माल वाया जाई. यासाठी खास जाणकार बोलावले जात. गांजाच्या शेतात नर झाड हा शत्रू. वाखाच्या शेतात तेच पहिले पीक. वनस्पती एकच, तंत्र अगदी उलटे. तेव्हा ‘भांगशेती’ असा एकच शब्द वापरून उंचीवरील लागवडीविषयी लिहिणारा लेखक प्रत्यक्षात कोणत्या शेतीविषयी लिहीत आहे, हे त्याने प्रथम सांगावयास हवे. बहुतेक जण सांगत नाहीत.

गॅझेटिअर आणि आयोग :

एडविन अ‍ॅटकिन्सनच्या हिमालयीन जिल्ह्यांच्या गॅझेटिअरमध्ये (१८८२) भांगेच्या लागवडीचे वर्णन येते. आजही ते वाचनीय आहे, कारण त्यात शेत, कापणी, वाख आणि कापड यांची साखळी तुटलेली नाही. परंतु त्यातील निवेदकाची दृष्टी हातांपेक्षा जातीवर अधिक खिळते. हे पीक कोण घेतो व कोण घेत नाही, उच्चवर्णीयांस ते कसे कमीपणाचे वाटते, ‘तुझ्या घरात भांग पेरली जावो’ अशा आशयाची शिवी डोंगरात कशी प्रचलित आहे, हे तो आवर्जून नोंदवतो. ही नोंद मोलाची आहे, यात शंका नाही. शिवीमागे कुजणाऱ्या खोडांचा वास, पाण्यात उभे राहण्याचे कष्ट आणि ते कष्ट उपसणाऱ्यांचे सामाजिक स्थान दडलेले आहे. पण ज्याच्या नावाने शिवी दिली जाते त्याला स्वतःच्या कामाविषयी काय वाटते, हे अ‍ॅटकिन्सन विचारत नाही. दलित आत्मकथनांनी घडवलेल्या मराठी वाचकाला ही पोकळी चटकन जाणवावी.

यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे भारतीय भांग-मादकद्रव्य आयोगाचा १८९४ चा अहवाल. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. मर्यादित सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, संपूर्ण बंदीची गरज नाही, या निष्कर्षांमुळे तो आज उदारमतवादी दस्तऐवज म्हणून गौरवला जातो. हा गौरव अर्धाच खरा आहे, असे आमचे मत आहे. सेवनाच्या बाबतीत उदार असणारा हा आयोग उत्पादनाच्या बाबतीत मात्र पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीस मनाई आणि लागवडीचे केंद्रीकरण यांची शिफारस करतो. महसूल खात्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे. एका ठिकाणी, कुंपणात, मोजता येईल असे पीक कर वसुलीस सोयीचे असते. पण घरामागच्या दोन पायऱ्यांवर दोरासाठी व चटणीसाठी भांग लावणारी व्यक्ती या रचनेत बसत नाही. आयोगाच्या प्रश्नावलीचा भर सेवन, त्याचे परिणाम आणि महसूल यांवर होता. तेव्हा उत्तरेही त्याच दिशेने आली. मोगरी आणि तकलीविषयी कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात खपणारी बरीचशी चरस यारकंदहून लेहमार्गे येत असे. आज ज्या डोंगराचे नाव चरसशी जोडले जाते त्या मलाण्याची कीर्ती प्रामुख्याने १९७० च्या दशकानंतरच्या परदेशी पर्यटनातून वाढली. तिलाच प्राचीन डोंगरी परंपरा मानून लिहिणे म्हणजे बाजाराने तयार केलेली गोष्ट इतिहास म्हणून स्वीकारणे होय. उंचीवरील तीव्र अतिनील किरणांमुळे झाडात अधिक राळ तयार होते, हेही असेच एक आवडते विधान. १९८७ च्या एका अमेरिकन प्रयोगात अतिनील किरणांमुळे मादक जातीच्या झाडांत मादक द्रव्याचे प्रमाण वाढले, परंतु वाखाच्या जातीत वाढले नाही. अलीकडच्या काही प्रयोगांत तर मादक जातींतही वाढ आढळली नाही. म्हणजे डोंगराची उंची हेच कारण मानणारे लेखन वाणाचा, म्हणजेच पिढ्यान्‌पिढ्या बी निवडणाऱ्या शेतकऱ्याचा, वाटा नाकारते.

कलम आणि टक्का :

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘गांजा’ची व्याख्या करताना कायदा फुलांचे व फळांचे शेंडे धरतो, पण शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया वगळतो. मात्र लागवडीला मनाई करताना संपूर्ण झाडच धरतो. परिणामी पान व बी निषिद्ध नाही, पण ते ज्यावर उगवते ते झाड निषिद्ध. १४ व्या कलमात केवळ वाख, बी किंवा उद्यानविद्येसाठी शासन लागवडीस परवानगी देऊ शकते, अशी तरतूद होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही वाख व बियांसाठीच्या लागवडीस सूट होती. तरीही हे कलम तीन दशके जवळजवळ मूकच राहिले.

ते बोलू लागले ते टक्केवारीच्या भाषेत. झाडातील टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी असावे, ही अट आता जवळपास स्वयंसिद्ध मानली जाते. ही रेषा १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी वनस्पतीच्या वर्गीकरणासाठी आखली, तीही कॅनडातील ओटावा येथे वाढवलेल्या झाडांच्या आधारे आणि सोयीची सीमा म्हणून. पुढे ती अनेक देशांच्या कायद्यात शिरली व आता हिमालयात पोहोचली आहे. स्थानिक बियाणे या रेषेच्या आत राहील याची शाश्वती नाही; तेव्हा परवानाधारकाला प्रमाणित बी बाहेरून आणावे लागते. भांगेचे परागीभवन वाऱ्याने होते, आणि डोंगरउतारांवर रानटी भांग सर्वत्र आहे. आणलेले बी काही हंगामांत स्थानिक होईल, किंवा स्थानिक वाण बदलून जाईल. दोन्ही शक्यतांत ‘शाश्वत’ या विशेषणाचा अर्थ नेमका काय उरतो? बी दरवर्षी विकत आणावे लागणारे पीक शाश्वत म्हणावयाचे असेल, तर आपल्या विदर्भातील कापूस उत्पादकालाही त्या शब्दाचा अर्थ नव्याने समजावून द्यावा लागेल.

अर्थात पारंपरिक ते सर्व निर्दोष, अशी भूमिका घेणेही योग्य नाही. खोडे साचलेल्या पाण्यात कुजवल्यास पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, पाणी पिण्यायोग्य राहत नाही. एका कुटुंबाच्या चार भाऱ्यांना डोह पुरतो. कारखान्याच्या मागणीला तो पुरणार नाही. खोडे शेतातच पसरून दवावर कुजवण्याची पद्धत पाणी वाचवते, परंतु वाखाचा दर्जा हवामानाच्या लहरीवर सोडते. साल सोलणारे यंत्र आले तर बोटे वाचतील, याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न यंत्राच्या मालकीचा आहे. आज ज्याला ‘सुधारित अवजार’ म्हटले जाते ते पायऱ्यांच्या अरुंद शेतात उचलून नेता येते काय, आणि दोन-तीन गुंठेवाल्या कुटुंबाला परवडते काय, हे प्रश्न त्या लेखनात आढळत नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. शहरातील दुकानांत आता हे बी आकर्षक वेष्टनात, पौष्टिकतेच्या तक्त्यासह मिळते. ज्या कुमाऊँनी घरात तेच बी तव्यावर भाजून, मीठ-मिरचीबरोबर पाट्यावर वाटले जाते, त्या घरामागचे झाड मात्र परवान्याशिवाय अजूनही गुन्हाच आहे.