खेळण्यातली रेल्वे: चुकलेलं माप काय सांगतं?

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांना हे साल पाठच असतं. सिग्नल, पूल, दिव्यांचे खांब, मधून धावणाऱ्या गाड्या. देखावा म्हणून मला तो फार आवडला. पण अशा मॉडेलांवर संशोधन करणार असाल, तर आधी एक हिशेब करून बघा.

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत चालणारं माप म्हणजे एचओ, १:८७. रुळांतलं अंतर १६.५ मिमी. ८७ ने गुणलं की येतात साधारण १४३५ मिमी, म्हणजे स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्या हिशेबाने रूळ १९ मिमीहून थोडे रुंद हवेत. म्हणजे मांडवी एक्सप्रेस कुणी या रुळांवर पळवली, तर डबे आपले आणि पायाखाली युरोप! ब्रिटिशांचा प्रकार आणखी गमतीचा. १९३८ च्या ‘हॉर्नबी डब्लो’मध्ये रूळ तेच १६.५ मिमी, पण इंजिन १:७६. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान, १:८७ केली तर त्या काळची मोटर आत मावायची पंचाईत. म्हणून अंग वाढवलं, रूळ तसेच ठेवले. खऱ्या मापात हा फरक सुमारे १८ सेंमी होतो.

संग्राहक याला ‘दोष’ म्हणतात आणि पुढे जातात. माझं भांडण तिथेच आहे. खरी रेल्वे कशी होती, याचा पुरावा म्हणून खेळणं कच्चंच. पण ते कुणी, कुठल्या अडचणीतून, कुठल्या गिऱ्हाइकासाठी बनवलं, हे त्या दोषातूनच कळतं. माझ्या पहिल्या आराखड्यात मी या दोन्हींची खिचडी केली होती. सरांनी अख्खं पान लाल केलं.

तीच गत ‘मिंट’ची. न उघडलेल्या खोक्यातल्या गाडीला बाजारात जास्त भाव. खोका जपला हे चांगलंच, त्यावरचा मजकूर आपल्याला हवाच असतो. पण जिच्याशी कुणी खेळलंच नाही, ती गाडी खेळाबद्दल काय सांगणार?

आता माझी चूक. आजोबांचं चावीचं पत्र्याचं इंजिन आमच्या खाऱ्या हवेत गंजलं होतं. मी हौसेने रॉकेल लावून घासलं. गंजाबरोबर बुडावरची अक्षरंही गेली. आता ते कुठल्या कारखान्यातलं, हे सांगायला माझ्याकडे काही नाही. चाकांच्या कडा मात्र एकाच बाजूला जास्त झिजल्यात. गाडी बहुधा कायम एकाच दिशेने गोल फिरत असावी. तेवढं फोटोसकट नोंदवून ठेवलंय.