‘न्यू दिल्ली’ जनुक : नाव आणि पाठ

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्यास डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव होते. हे बेथून १९३९ साली, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून वारले. पेनिसिलिन तेव्हा वैद्यांच्या हाती आले नव्हते. असले मरण सोलापुरातील वाचकास आज इतिहासजमा वाटत असेल. पुढील निबंध वाचल्यावर तितके वाटणार नाही.

२०१० साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात कुमारसामी व त्यांचे सहकारी यांनी तो प्रसिद्ध केला. राखून ठेवलेल्या कार्बापेनेम प्रतिजैविकांसही न जुमानण्याचे सामर्थ्य जंतूंस देणारे ‘न्यू दिल्ली’ नावाचे जनुक, हा त्याचा विषय. नाव पडले होते ते दिल्लीत उपचार घेतलेल्या स्वीडनमधील एका रुग्णावरून. आपल्याकडे गदारोळ उठला तो या नावाचा, आणि २०११ साली ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनीही ते चुकल्याचे मान्य केले. तक्रार रास्तच होती. (आमच्या ‘भावप्रकाशा’तही एका रोगास ‘फिरंग’ म्हटले आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नसावी.) परंतु २०१० च्याच मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, २४ कार्बापेनेमरोधी जंतूंपैकी २२ मध्ये हेच जनुक सापडल्याचे येथल्याच वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. तेव्हा कोणाचा अभिमान दुखावला नाही, आणि झोपही उडाली नाही.

नाव बाजूस सारून पाठ पाहावा. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेतील पंडितांनी पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे लाविली. जंतूंच्या जीनोममधील बारीक फरकांवरून त्यांचा वंश ठरतो तो याच रीतीने. हरियाणातील जंतू एका मूळ प्रतीच्या नकला निघाले. चेन्नईतील निरनिराळ्या कुळांचे होते. म्हणजे चेन्नईत पसरत होते ते जनुक. प्लास्मिड नावाच्या सुट्या पानावर ते लिहिलेले असते, आणि एखादी प्रक्षिप्त ओवी या पोथीतून त्या पोथीत शिरावी, तसे ते पान एका जातीच्या जंतूतून दुसरीत जाते. एका मूळ प्रतीच्या नकला एकाच वॉर्डात फिरत असतील, तर हात धुणे व रुग्ण वेगळा ठेवणे पुष्कळ साधेल. सुट्या पानास तेवढ्याने अडविता येत नाही. तेथे औषधांच्या सैल वापरासच हात घालावा लागतो. हा विवेक निबंधाचे खरे मोल होय.

मात्र निबंधकारांनी वंश ठरविला तो निवडक खुणांवरून. सबंध पोथी वाचली नाही. त्या काळी ते खर्चाचे काम होते, आज तितके राहिलेले नाही. आमचा मोठा आक्षेप निराळाच आहे. जनुक सापडलेले ४४ नमुने चेन्नईचे, २६ हरियाणाचे, ३७ ब्रिटनचे, आणि उरलेले ७३ भारत व पाकिस्तानातील ‘इतर ठिकाणांचे’. सारांशात वंशाचा निर्णय दिला आहे तो पहिल्या तिहींचाच. सोलापूरच्या वाचकाने आपल्यासारख्या गावाचा शोध घ्यावयाचा तो या ७३ मध्ये; आणि तेथे कुळ विचारले असता निबंध गप्प राहतो.