बायबल वाचायला सवड नाही

जुनी पत्रे वाचताना आपण नकळत कबुलीजबाब शोधत असतो. केम्ब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या जार्डिन-मॅथेसन पेढीच्या दप्तरात तो क्वचितच हाती लागतो. चीनच्या किनाऱ्यावर चोरटी अफू उतरविणाऱ्या शिडाच्या जहाजांवरून आलेली ही पत्रे भाव, पेट्या, चांदी, वारा आणि लाचखाऊ चिनी अंमलदार यांनीच भरलेली आहेत. भाषा रोखठोक, नीटस. अफू ओढणाऱ्या माणसाला तिच्यात जागा नाही.

अभ्यासक हमखास थांबतात ते मात्र एका रोजनिशीपाशी. १८३२ च्या डिसेंबरात ‘जेमसिना’ जहाजावरील जेम्स इनिसने नोंदविले, की माल उतरविण्याच्या घाईत बायबल वाचायला सवड झाली नाही. ही नोंद ढोंगाचा नमुना म्हणून दाखविण्याची रीत आहे. आम्हांस ती पटत नाही. ढोंगी माणूस असे लिहून ठेवीत नाही. इनिसला चुकलेले वाचन खटकले, चाललेले काम खटकले नाही. हा दंभ नव्हे, आंधळेपणा.

आम्हांस अधिक अस्वस्थ केले ते विल्यम जार्डिनच्या त्याच वर्षीच्या एका पत्राने. ‘सिल्फ’ जहाजावर दुभाषी म्हणून यावे, अशी विनंती त्याने कार्ल गुट्झलाफ या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यास केली. अफूचा व्यापार काहींना रुचत नाही, हे तो मान्य करतो आणि नफा जितका मोठा तितके आपले साहाय्यही मोठे, असे हळूच सुचवितो. शब्द आर्जवी, दडपण कोठेच नाही. लेखनकौशल्य म्हणून पाहिले तर हे पत्र उत्तमच म्हणावे लागेल, आणि तेच त्याचे भय. गुट्झलाफ गेला. धर्मपत्रके आणि अफू एकाच जहाजातून उतरली.

येथे आपणही निव्वळ प्रेक्षक नाही. माळव्याची अफू मुंबई व दमणहून चीनला जाई. तिच्या बड्या व्यापाऱ्यांपैकी जमशेटजी जिजीभाईंच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठात आहेत. त्यांचे एक भागीदार रोजेरिओ द फारिया हे गोव्याकडील कॅथलिक घराण्यातले.

या साऱ्या पत्रव्यवहारात सदसद्विवेकाचा प्रश्न थेट विचारणारे पत्र जहाजवाल्यांचे नाहीच. ते आहे लिन झेशू यांचे, व्हिक्टोरिया राणीस उद्देशून लिहिलेले. २०,००० हून अधिक पेट्या नष्ट करविणाऱ्या या चिनी अधिकाऱ्याने ते १८३९ मध्ये लिहिले आणि ‘टॉमस कूट्स’ या जहाजाच्या कप्तानाहाती लंडनला धाडले. तेथील परराष्ट्र खात्याने ते स्वीकारण्यास नकार दिला.