हेगेलचे बडवे

परवा अभ्यासवर्गात आपला एक पोरगा जातीवर बोलायला उठला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच पुढचे एक डावे विद्वान म्हणाले, "तुमची मांडणी द्वंद्वात्मक नाही. आधी हेगेल वाचा." पोरगा गप खाली बसला. नंतर मला म्हणाला, "वाचतो. पण कुणाचं बोट धरून?" त्याला दिलेलं उत्तर इथं लिहितोय, कारण असा खाली बसलेला तो एकटा नाही.

मित्रहो, हेगेलचं 'सायन्स ऑफ लॉजिक' (1812-1816) अवघड आहे. यात लाज कसली? सुरुवातीलाच तो सांगतो, नुसतं 'असणं' घ्या, कसलाही गुण न चिकटवता. हाती काय उरतं? काहीच नाही. 'असणं' 'नसण्यात' जातं, 'नसणं' 'असण्यात', आणि या येरझारेतून निघतं ते 'होणं'. इथं माणूस अडखळतो, भाष्य शोधतो. आणि नेमके इथंच बडवे उभे असतात.

स्टेसचं 'द फिलॉसॉफी ऑफ हेगेल' (1924) घ्या. भाषा स्वच्छ, वर सगळ्या कल्पनांचा तक्ता. पण स्टेस 'असणं' ही जात धरतो आणि 'होणं' ही तिची पोटजात! हालचाल मेली, वर्गीकरण उरलं. वर्गीकरणाचा अनुभव आपल्याला काय कमी आहे? वाद-प्रतिवाद-संवाद हे त्रिकूटही असंच. हेगेल आपली पद्धत या सूत्रात सांगत नाही, ते नंतरच्यांनी त्याच्या नावावर खपवलं. परीक्षेला बरं, विचाराला नाही.

आता लेनिनची वही बघा. साल 1914. युद्ध पेटलेलं, समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागं गेलेले, आणि हा माणूस बर्नच्या ग्रंथालयात हेगेल उतरवत बसलेला. समग्र लेखनाच्या 38 व्या खंडात ती वही आहे. उतारे, समासात शेरे. कळलं नाही तिथं 'अंधार' म्हणतो, एके ठिकाणी तर हे डोकं दुखवायचं साधन आहे असं लिहितो. कळलं नाही हे लिहायला जो लाजत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा. पण ती वही आहे, ग्रंथ नव्हे. तिच्यावर भागवू नका.

तिसरा सी. एल. आर. जेम्स. त्रिनिदादचा काळा माणूस. आफ्रिकेला इतिहासाबाहेर ढकलणारा हेगेल त्यानं 1948 मध्ये नेवाडात बसून वाचला आणि साथींना पत्रं लिहावीत तसं 'नोट्स ऑन डायलेक्टिक्स' लिहिलं. वर्षानुवर्षं ते आपल्या या अंकासारखं सायक्लोस्टाइल होऊन फिरलं, पुस्तक झालं 1980 ला. दोष आहे: तो पायऱ्या गाळत पळतो. पण हेगेलची परवानगी न मागता हेगेल वापरतो.

पायऱ्या चढायच्या तर हूलगेटचं 'द ओपनिंग ऑफ हेगेल्स लॉजिक' (2006). कोरडं आहे, चळवळीचं त्यात काही नाही. पण मूळ मजकूर तिथंच छापलाय. भाष्यकार चुकला तर तुम्ही त्याला पकडू शकता.

माझी कसोटी एवढीच: भाष्य तुम्हाला मूळ पानाकडं परत पाठवतं, की वाटेत अडवून स्वतःच्याच पाया पडायला लावतं? गुरू म्हणतो म्हणून मानू नका, हे बुद्धानं कालामांना सांगितलं. ते हेगेललाही लागू, लेनिनलाही, मलाही.

चौघं जमा. एक जण वाचेल, तिघं हटकतील. आठवड्याला चार पानं झाली तरी पुष्कळ. आणि पुन्हा कुणी "आधी हेगेल वाचा" म्हणालं तर खाली बसू नका. पुस्तक पुढ्यात ठेवा, म्हणा, "साहेब, पान कोणतं?"